चौथा मजला ते बसस्टॉप

खरं म्हणजे आम्हाला टेबल टेनिसचं टेबल हवं होतं.

आम्ही चौघं होतो. वकील आमची म्होरकी. ती काही खरी वकील नव्हती, पण वाद घालण्यात तिचा हात धरणारं आमच्या इमारतीत कोणी नव्हतं, म्हणून ते नाव पडलं ते कायमचं. तिचा मामेभाऊ खांब. तो जिन्याखालच्या दारातून वाकल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे. तिसरा बारक्या, लोखंडी जाळ्या आणि फाटकं करणाऱ्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकत होता; बोटांवर सदा भाजल्याचे डाग. आणि चौथी मी. माझी आई दवाखान्यात नर्स होती, मी कॉलेजात होते, आणि चौघांत सगळ्यात कमी बोलायचे. वकील जवळ असताना बोलायला जागाच कुठे मिळायची म्हणा!

वाचनालयाच्या फळ्यावर ती सूचना वकिलीनेच पाहिली. आपल्या वस्तीसाठी काहीतरी करू इच्छिणाऱ्या तरुणांना छोटं अनुदान मिळेल. अट एवढीच, की आधी नेतृत्वाचं प्रशिक्षण पूर्ण करायचं. दर रविवारी.

"अनुदान म्हणजे फुकट ना?" खांबाने विचारलं.

"फुकट कसलं? प्रशिक्षण करावं लागेल."

"मग महाग आहे," खांब म्हणाला.

पण वकिलीच्या डोक्यात टेबल टेनिस पक्कं बसलं होतं. खेळाचं टेबल असं लिहायचं नाही, 'तरुणांसाठी आरोग्य उपक्रम' असं लिहायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं. आम्ही नेहमीप्रमाणे माना डोलावल्या.

प्रशिक्षणाचा हॉल एका छापखान्याच्या वर होता. खाली यंत्र सुरू झालं की आमच्या खुर्च्या थरथरायच्या आणि शाईचा वास जिन्याने वर यायचा. शिकवायला एक बाई होत्या. आखूड कापलेले, अर्धे पिकलेले केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि आवाज इतका शांत की यंत्र सुरू झालं की त्या बोलायच्याच थांबायच्या. यंत्र थांबलं की अर्ध्या राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू. आमच्यासारखे आणखी चार-पाच गट होते. कोणाला तळं साफ करायचं होतं, कोणाला मुलांचे अभ्यासवर्ग घ्यायचे होते. पहिल्या रविवारी बाईंनी विचारलं, नेता म्हणजे कोण? वकिलीने उभं राहून इतकं लांब उत्तर दिलं की तिच्या बोलण्यात यंत्र दोनदा सुरू होऊन दोनदा थांबलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, "छान. आता या आठवड्यात एक काम करा. आपापल्या इमारतीतली दारं वाजवा आणि एकच प्रश्न विचारा. असं काय आहे, जे तुम्ही पूर्वी करत होतात आणि आता करता येत नाही? उत्तर ऐकायचं आणि परत फिरायचं. उपाय सुचवायचा नाही."

वकिलीने हात वर केला. "आणि उपाय आपल्याला माहीत असला तर?"

"तर ओठ दाबून धरायचे."

वकिलीला ते किती जड गेलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलंय. दारं उघडत होती, लोक बोलत होते, आणि हिचा खालचा ओठ दातांखाली पांढरा पडत होता. कोणी म्हणालं पूर्वी वाचायचो, आता डोळे दुखतात. कोणी म्हणालं पूर्वी भांडायचो, आता भांडायला कोणी उरलं नाही. असं करत आम्ही चौथ्या मजल्यावर ड्रायव्हरकाकांच्या दाराशी आलो.

ड्रायव्हरकाका आयुष्यभर शहर बसवर होते. आमच्यातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी शाळेत सोडलेलं. स्टॉपवर कोणी पळत येताना दिसलं की गाडी रोखून धरणारे ते एकटेच, असं आई सांगायची. निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत त्यांचा उजवा पाय आणि हात अर्धवट निकामी झाला. इमारतीला लिफ्ट नव्हती. एकदा दवाखान्यातून वर आले ते पुन्हा खाली उतरलेच नाहीत. आम्ही लहानाचे मोठे झालो त्या दरम्यान, आणि खरं सांगायचं तर ते वर राहतात हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते. प्रश्न ऐकून ते खिडकीकडे वळले. मग डाव्या हाताने खिडकीबाहेर दाखवलं.

"ती बघ, आपली गाडी चालली. सगळा जन्म मी तिला आतून पाहिलं. आता नुसतं छप्पर दिसतं. छपरावर काय काय पडलेलं असतं, माहितीये? चेंडू, चपला, एकदा तर छत्री. कोणी धूत नाही वरून."

एवढंच म्हणाले. आम्ही आभार मानून बाहेर आलो. पहिल्या मजल्यावर आल्यावर खांब म्हणाला, "टेबल टेनिस राहू दे." आणि आश्चर्य म्हणजे वकिलीने वाद घातला नाही.

खुर्चीची कल्पना बारक्याची. लोखंडी नळ्यांची चौकट, तिला बसकी खुर्ची, दोन्ही बाजूंना लांब दांडे, चौघांनी चार टोकं धरायची आणि माणसाला पाठमोरं बसवून अलगद खाली आणायचं. अनुदान देणाऱ्या समितीपुढे वकील बोलली. आम्ही मागे उभे होतो. तिने आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या वर अडकलेल्या माणसांबद्दल सांगितलं, आणि मला आठवतं, त्या दिवशी ती नेहमीपेक्षा कमी बोलली. अनुदान मिळालं. नळ्या, पट्टे, हातमोजे आणि बसायची गादी एवढं त्यात बसलं. वेल्डिंगची मजुरी बारक्याच्या उस्तादाने घेतली नाही. त्याची स्वतःची आई तिसऱ्या मजल्यावर होती.

खुर्ची तयार झाली तेव्हा आम्हाला कोण आनंद! तिला निळा रंग दिला. रंग पुरता वाळायच्या आधीच तिला वर घेऊन गेलो आणि काकांच्या दारात ठेवली.

"काका, चला. खाली जाऊ या."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. दांड्यांकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकाकडे.

"मी काय मेलोय का?" ते म्हणाले. "चौघांनी उचलून न्यायला?"

"नाही हो काका, आम्ही..."

"दार लावून घे," ते काकूंना म्हणाले.

दार लागलं. आम्ही चौघं आणि मध्ये ती ओली निळी खुर्ची. वकील तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. खांब तिच्या शेजारी बसला, पण त्याचे पाय इतके लांब की दोन पायऱ्या सोडून खाली जात होते. बारक्या म्हणाला, "दुसऱ्या कोणाला विचारू. शेजारच्या इमारतीत..."

"नाही," वकील नाक पुसत म्हणाली. "ही त्यांच्यासाठीच आहे."

रविवारी तिने सगळं बाईंना सांगितलं. आता त्या काहीतरी युक्ती सांगतील अशी आमची खात्री. बाई म्हणाल्या, "खुर्ची करताना त्यांना कितीदा भेटलात?"

खाली यंत्र सुरू झालं. थांबलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता भेटा."

आम्ही पुन्हा गेलो, या वेळी खुर्चीशिवाय. काकूंनी चहा टाकला. वकील काकांच्या समोर बसली आणि मी शपथेवर सांगते, चहा संपेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. काकांनाच शेवटी अवघडल्यासारखं झालं.

"काय गं वकील, आज कोर्ट बंद?"

"हो काका."

काका हसले. पहिल्यांदाच. मग कप खाली ठेवून म्हणाले, "राग तुमच्यावर नव्हता पोरांनो. पण तुम्ही मला उलटं बसवणार होतात. पाठ रस्त्याकडे आणि तोंड भिंतीकडे. सगळ्या इमारतीच्या देखत पोत्यासारखं खाली ढकलत न्यायचं. मी जन्मात कोणाच्या गाडीत मागे बसलो नाही रे. लग्नाच्या वरातीतसुद्धा पुढे बसलो होतो, हिला विचार."

"पुढे बसले होते आणि सारखे त्या ड्रायव्हरला शिकवत होते," काकू म्हणाल्या. "त्याने मध्येच गाडी थांबवून विचारलं, तुम्हीच चालवता का?"

मी बोलायला फारशी कधी पुढे होत नसे. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं.

"मग तुम्हीच चालवा ना काका."

"काय?"

"खुर्ची. आम्ही चाकं. तुम्ही सांगाल तसं वळू, सांगाल तिथे थांबू."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणा ती गाडी."

त्यांनी ती तपासली म्हणजे कशी तपासली! डाव्या हाताने प्रत्येक सांधा ओढून पाहिला. हाताला दांडा हवा म्हणाले, पाय टेकायला फळी हवी म्हणाले, आणि मुख्य म्हणजे तोंड पुढे हवं. बारक्याने सगळं पुन्हा कापून जोडलं. आईला मी घरून बोलावलं. ती म्हणाली, तोंड पुढे ठेवून जिना उतरायचा म्हणजे माणसाला पोटात गोळा येतो, दवाखान्यात आम्ही तसं नेत नाही. काका म्हणाले, "सिस्टर, चालवणाऱ्याला रस्ता दिसायला नको?" आईने हात टेकले. मग तिने आम्हाला धडे दिले. उंच माणूस पुढे, कारण पुढचे खालच्या पायरीवर असणार. मागच्यांनी गुडघ्यांत वाकायचं, कमरेत नाही. "पाठ वाकवाल तर उद्या तुमच्यासाठी खुर्ची करावी लागेल," ती म्हणाली.

आधी वाळूचं पोतं उतरवलं. मग बारक्याला बसवलं; त्याचं टोक आईने धरलं. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत डोळे मिटून होता आणि पहिल्या मजल्यावर म्हणाला, मी चालत जातो. शेवटी एका सकाळी काका तयार झाले. काकूंनी कपाटातून त्यांचा खाकी शर्ट काढला होता. तो आता दोन माणसांना पुरेल एवढा सैल होत होता, पण बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कंबरेला पट्टा बांधला. आम्ही चार टोकं धरली. पुढे खांब आणि वकील, मागे बारक्या आणि मी, आणि आई बाजूने काकांच्या खांद्याशी हात ठेवून. वाट मोकळी करायला सगळ्यात पुढे काकू.

"कंडक्टर," काकांनी हाक मारली.

"काय?" काकू वळल्या.

"घंटी दे."

काकूंनी पदराआड हसू लपवलं आणि कठड्यावर हातातल्या किल्लीने दोनदा टकटक केली.

"सावकाश घे," काका म्हणाले. "पहिली पायरी. दुसरी. खांब, तू वर धर, गाडी नाकावर चाललीय. हां. डावीकडे भिंत आहे, बोटं सांभाळ. थांब!"

आम्ही थांबलो. मला वाटलं त्यांना भीती वाटली. पण ते जिन्याच्या खिडकीतून मागच्या अंगणात बघत होते. तिथे एक झाड होतं. "हे एवढं मोठं कधी झालं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "चल."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर फसलो. तिथल्या कुटुंबाने जुनं कपाट बाहेर ठेवलं होतं आणि दांडे वळेनात. माझ्या हातांना कळा लागल्या होत्या. काका एकदम तालात आले.

"रिव्हर्स. मागचे दोघं एक पायरी वर. वकील, तू आत घे. आत म्हणजे तुझ्या आत नाही, भिंतीच्या आत! आता कापून घे. बघ, गेली की नाही?"

तोवर दारं उघडायला लागली होती. ज्या लोकांच्या नजरेची काकांना धास्ती होती तेच लोक उंबऱ्यात उभे राहून "काका, इकडे एक स्टॉप आहे," असं ओरडत होते. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी लोटाभर पाणी पुढे केलं. काकांनी गाडी थांबवली, पाणी प्यायले, चल म्हणाले.

फाटकाबाहेर आलो तेव्हा ऊन होतं. आम्ही खुर्ची टेकवली आणि चौघंही जमिनीवर बसलो. काकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की उजेडाने डोळे दिपले होते, मला ठरवता आलं नाही. काकूंनी आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांनी पुसू दिलं.

"आता कुठे, काका?" वकिलीने विचारलं. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"कुठे म्हणजे? स्टॉपवर."

स्टॉप कोपऱ्यावरच. थोड्या वेळात बस आली. चालवणारा तरुण पोरगा होता, काकांना ओळखत नव्हता. पण निळ्या खुर्चीतला म्हातारा माणूस आणि भोवती घामाने निथळणारी चार पोरं बघून त्याने दार उघडं ठेवलं आणि मान बाहेर काढली.

"बसायचंय का काका? घेतो आम्ही उचलून."

"नाही. आज नको," काका म्हणाले. "जरा उभी राहू दे."

त्यांनी डावा हात लांब करून गाडीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. इंजिन चालू होतं, पत्रा थरथरत होता. आतले लोक बाहेर बघत होते, पण घाईत असलेलंही कोणी काही बोललं नाही. काकांनी हात काढून घेतला.

"इंजिन जास्त घुमतंय," ते त्या पोराला म्हणाले. "डेपोत सांग."

"सांगतो," पोरगा म्हणाला, आणि त्याने हात कपाळाला लावला.

त्यानंतर आमचे रविवार आमचे राहिले नाहीत. शेजारच्या इमारतीतून बोलावणी यायला लागली. बारक्याच्या उस्तादाची आई उतरली आणि थेट भाजीवाल्याशी भांडायला गेली. दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या, गुडघे गेलेले. आम्ही दार वाजवून विचारलं, या वेळी खुर्ची न घेता, तर म्हणाल्या, "मला खाली नको बाई. खाली काय आहे? मला वर न्या."

"वर कुठे?"

"गच्चीवर. गच्चीवरून नदीपलीकडे माझं माहेर दिसतं."

खाली नेण्यापेक्षा वर नेणं किती अवघड असतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही गच्चीवर पोचलो तेव्हा खांबाला धाप लागली होती आणि माझ्या तळहातांना फोड आले होते. मावशींनी कपाळावर हात धरून पाहिलं. मध्ये नव्या इमारती उठल्या होत्या. नदीसुद्धा जेमतेम चिंधीएवढी दिसत होती. पण मावशी म्हणाल्या, "ते धुराडं दिसतंय ना? त्याच्या डाव्या अंगाला. पत्र्याचं छप्पर. दिसलं?"

आम्हाला काहीही दिसत नव्हतं.

"दिसलं," वकील म्हणाली. वकिलीने! जी सूर्य पूर्वेला उगवतो यावरही पुरावा मागायची. "पत्र्याचं. हो, दिसलं मावशी."

मग आम्ही सगळ्यांनीच ते पाहिलं. मावशी ऊन उतरेपर्यंत तिथे बसून होत्या.

अनुदान एका वर्षाचं होतं. ते संपलं, पण खुर्ची काही थांबली नाही. लोकांनी पट्टे बदलून दिले, उस्तादाने दांडे. आमच्या मागून खालच्या मजल्यांवरची पोरं आली आणि त्यांना उचलायला शिकवलं ते काकांनीच, खुर्चीत बसून, शिव्या घालत. दोन हिवाळे ते दर आठवड्याला स्टॉपवर गेले. नंतर एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. काकू मुलीकडे राहायला गेल्या. जाताना जिन्यात माझ्या आईच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "ती दोन वर्षं जास्तीची मिळाली हो मला."

पुढे आम्हीही पांगलो. खांब नोकरीसाठी दूर गेला. बारक्याचं स्वतःचं वर्कशॉप झालं. वकील पाणीपुरवठा खात्यात लागली. तिच्याकडे तक्रार घेऊन गेलेली माणसं सांगतात, बाई आधी सगळं ऐकून घेतात. मी ऐकून हसते. इमारतीला लिफ्ट आली, आणि बरंच झालं, आईचे गुडघे आता दुखतात. ती एकटी खाली उतरते, एकटी वर येते. मी राहायला गेले की तिला म्हणते, जिन्यात किती शांत झालंय गं. ती म्हणते, तुला आवाजाची हौस, मला तुमच्या पाठीची काळजी.

लोक मला कधी विचारतात, त्या प्रशिक्षणात काय शिकलात. मी काहीतरी सांगते. पण मनात येतात ते हॉलवरून परतीचे रस्ते. पुलावरून आम्ही चालत यायचो. वकील आमच्यापुढे उलटी चालायची, तोंड आमच्याकडे करून, कारण तिला बोलताना आमचे चेहरे दिसायला हवे असत. खांब हात लांब करून तिला खांद्याला धरून वळवत राहायचा, दिव्याच्या खांबावर आपटू नये म्हणून. बारक्या कठड्यावर बोटाने काहीतरी वाजवत यायचा. नदीवरून वारा यायचा आणि तिचं अर्धं बोलणं उडून जायचं. आम्ही तरी माना हलवत असू, आणि तिला वाटे आम्हाला सगळं पटतंय.